जागा आपण निवडतो की खाण निवडते?

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'अभ्यासक्षेत्राची निवड' असा एक परिच्छेद असतो. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहितात. मीही तसाच लिहिला होता. समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "हीच जागा का?" आणि माझी बोलती बंद झाली. तेव्हापासून कुठलाही पेपर वाचताना मी आधी नकाशा बघते.

समजा, तुम्हाला आर्क्टिकमध्ये फील्डवर्कला जायचंय. कुठे जाल? भारतातला विद्यार्थी बहुधा स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडचं नाव घेईल. २००८ पासून आपलं 'हिमाद्री' केंद्र तिथे आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. पण जवळजवळ ७९ अंश उत्तरेला हे गाव आलं कुठून? कोळशामुळे! १९१६ मध्ये स्थापन झालेल्या एका नॉर्वेजियन कंपनीने तिथे खाण चालवली. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद पडली. धक्का आणि घरं मात्र शिल्लक राहिली. त्यांच्या आधाराने पुढे संशोधक आले.

हा योगायोग म्हणाल, तर आणखी दोन उदाहरणं बघा. स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात न्यायला रेल्वे टाकली गेली. त्याच मार्गावर १९०३ मध्ये एक संशोधन केंद्र सुरू झालं आणि पुढे ते अबिस्कोला हललं. अलास्कात तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४ मध्ये रस्ता बांधला आणि १९७५ मध्ये त्याच रस्त्यालगत टूलिक लेकचं केंद्र उभं राहिलं.

म्हणजे कोळसा, लोखंड आणि तेल. शास्त्रज्ञ त्यांच्या मागून गेले. यात त्यांची चूक नाही. सामान पोचायला वाट लागते, राहायला छप्पर लागतं आणि एकदा नोंदी सुरू झाल्या की जुना डेटा नव्या माणसाला तिथेच ओढतो.

पण याची किंमत मोजावी लागते. २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, आर्क्टिकमधल्या फील्ड अभ्यासांना मिळालेल्या सायटेशन्सपैकी ३१ टक्के टूलिक लेक आणि अबिस्को या दोनच ठिकाणांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या कामाची आहेत. कॅनडाची उत्तरेकडची बेटं आणि रशियाचा आर्क्टिक किनारा मात्र मागे पडलेत. नी-ऑलेसुंडचंही तसंच. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकचं उबदार पाणी येतं. तिथल्या फ्योर्डवरून अख्ख्या आर्क्टिकबद्दल बोलायचं, तर जरा जपूनच बोलायला हवं.

मग आपण काय करायचं? सोयीची जागा घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. फेलोशिपच्या पैशात आणि चार वर्षांत दुसरं काही जमतही नाही. पण तो परिच्छेद लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट लिहा: इथे पोचता येतं ते कशामुळे, इथे आधीचा कुठला डेटा आहे, आणि ही जागा कशाचं प्रतिनिधित्व करत नाही.

तिसरं वाक्य लिहायला जड जातं. मला दोन आठवडे लागले आणि त्यापायी माझ्या प्रपोजलचं शीर्षकही बदलावं लागलं. 'पश्चिम घाटातील' हा शब्द काढून मी फक्त माझ्या तालुक्याचं नाव ठेवलं.