मराठी लघुकथेच्या अभ्यासाचीं साधनें

बखरीचें एक फाटकें पानही जिवापाड जपणारे संग्राहक जुन्या मासिकांचे सुटे अंक रद्दींत घालतांना कचरत नाहींत, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. मराठी लघुकथेच्या इतिहासाचें अस्सल साधन मात्र हे अंकच होत, एवढेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

आपली लघुकथा ग्रंथांत नव्हे, नियतकालिकांत वाढली. हरि नारायण आपटे यांनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें व त्यांत स्फुट गोष्टी लिहिल्या. १८९५ मध्यें का. र. मित्र यांचें ‘मनोरंजन’ मासिक निघालें, वि. सी. गुर्जर यांच्या गोष्टी वाचकप्रिय झाल्या त्या तेथेंच.

अभ्यासक प्रथम शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’कडे वळतो, तें योग्यच आहे. तिच्या पहिल्या भागांत १८०० ते १९३७ या काळांतील ग्रंथांची नोंद आहे. परंतु ती ग्रंथांची सूची आहे, गोष्टींची नव्हे. दिवाकर कृष्ण यांचा ‘समाधि व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह १९२७ चा. त्यांची ‘अंगणांतला पोपट’ ही गोष्ट ‘मनोरंजना’त १९२२ मध्येंच आली होती. केवळ ग्रंथसूचीवर विसंबणारा या लेखकाचा उदय पांच वर्षें पुढें ढकलील.

टीकेचीही तीच गति आहे. ना. सी. फडके यांची ‘मेणाचा ठसा’ ही गोष्ट ‘केरळकोकिळां’त १९१२ मध्यें प्रसिद्ध झाली, त्यांचा ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ १९३१ चा. मधल्या एकोणीस वर्षांत लेखकाचा टीकाकार कसा झाला, हें शोधावयाचें तर मासिकेंच चाळलीं पाहिजेत. इंदुमती शेवडे यांचा ‘मराठी कथा : उद्गम आणि विकास’ (१९७३) हा ग्रंथ वाटाड्या म्हणून फार उपयोगी आहे, पण वाटाड्या म्हणजे मुक्काम नव्हे.

नियतकालिकांच्या सूचीचेंही काम १८०० ते १९५० या कालखंडापुरतें झालेलें आहे. तथापि सूची अंकाकडे बोट दाखविते. अंकच नष्ट झाला तर त्या बोटाचा काय उपयोग?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. पोथीची पुष्पिका जशी आपण उतरून घेतों, तसें प्रत्येक अंकाचें वर्ष, अंकक्रमांक, महिना व गोष्टींचीं पृष्ठें टिपून ठेवावीं. बांधणी करवितांना वेष्टनें व जाहिरातींचीं पानें काढूं देऊं नयेत. अंकाचा काळ कित्येकदां त्यांवरूनच ठरतो. पहिलें पान गेलेला अंकही टाकूं नये. खंडित पोथी आपण टाकीत नाहीं. मग खंडित अंकानेंच काय अपराध केला आहे?