महूची छावणी

बदलीचा हुकूम आला की काळ्या पत्र्याच्या ट्रंकांवरील जुने ठिकाण रंगाने पुसून नवे लिहावयाचे, हा छावणीत वाढलेल्या आम्हां मुलांचा नित्याचा परिपाठ. अशा पुसलेल्या नावांपैकी मनातून न पुसले गेलेले नाव म्हणजे महू.

हे गाव मराठ्यांच्या एका पराभवातून जन्मले. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा मोड झाला, 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरपासून सुमारे 23 किलोमीटरांवर इंग्रजांनी ही छावणी वसविली. स्वातंत्र्यानंतर तेथेच भारतीय सेनेचे इन्फंट्री स्कूल आले, आणि प्रांतोप्रांतीची कुटुंबे एका भिंतीआड नांदू लागली.

आमच्या एका बाजूस शीख, दुसऱ्या बाजूस मलयाळी, समोर गढवाली. लोहडीच्या शेकोटीजवळ मिळालेली रेवडी खिशात उरलेली असे, तोच दुसऱ्या दिवशी आमच्या आईचा तिळगूळ घरोघर जाई. कोणाची जात कोणती, हे आम्ही कधी विचारले नाही. विचारावयाचे असते, हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

पण ह्याच महूत 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. सैन्याने त्या घराण्याच्या हाती पुस्तक दिले होते. तथापि त्याच दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पुढे साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

हे वाचले तेव्हा आमच्या रम्य आठवणींस प्रथमच तडा गेला. छावणीतील आमची समता बव्हंशी हुकुमाने आलेली होती. हुद्द्याप्रमाणे बंगले आणि क्वार्टर्स तेथेही वेगळेच होते. हुकुमाने उघडलेले दार हुकुमानेच बंद होते, हे 1890 नंतरच्या त्या दशकाने दाखविले.

2003 साली महूचे नामकरण डॉ. आंबेडकर नगर असे झाले. आज आम्हीही, आपणां वाचकांप्रमाणेच, परप्रांती सरकारी वसाहतीत राहतो. शेजार येथेही हुकुमानेच लाभतो. मात्र संक्रांतीस त्याचे दार ठोठावण्याचा हुकूम कोणी काढीत नाही. ते आपले आपणच करावे लागते.