आमचा शेप्या

मंडळी, गावच्या घरामागचा शेप्या आंबा पाडायचा विचार चालू आहे असे कानावर आले. वाटणीत ते झाड पुतण्यांच्या हिश्शात गेले आहे, तेव्हा निर्णय त्यांचाच. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या आत्याला गप्प बसवत नाही.

शेप्या म्हणजे रायवळ. फळ लहान, धाग्याचे, चोखून खायचे. सालीला शेपूचा वास. पणजीने खाऊन टाकलेल्या (की मुद्दाम पुरलेल्या? यावर घरात दोन पक्ष आहेत) कोयीतून तो उगवला. रायवळांची नावे अशीच पडतात, वासावरून, आकारावरून, चवीवरून: बिटकी, खोबऱ्या, साखऱ्या. कोयीचे प्रत्येक झाड वेगळे निघते. आई कोण ते आपल्याला ठाऊक, बाप कोण ते मोहोरावर बसलेल्या माशीला!

आता तुम्ही म्हणाल, हापूस तर सगळीकडे सारखाच असतो. असतो, कारण ती कोयीची झाडे नव्हेत, एकाच झाडाची कलमे आहेत. दर मे महिन्यात कुठेतरी छापून येते की हापूस अफोंसो द आल्बुकेर्कने आणला. मला हे कधीच पटले नाही. आंबा इथलाच. आल्बुकेर्कने गोवा घेतला 1510 मध्ये आणि तो वारला 1515 मध्ये. कोयीचे झाड फळायलाच सहा-आठ वर्षे घेते. गणित मुलांनी करावे! सतराव्या शतकात भारतात आलेल्या मनुची या व्हेनिसच्या माणसाने गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावे लिहून ठेवली आहेत, त्यात 'निकोलाव अफोंसो' असे एक नाव आहे. एखाद्या बागवाल्याच्या दारचे झाड, त्याच्या नावाने ओळखले जाणारे, हे मला गव्हर्नरापेक्षा जास्त पटते. म्हणजे हापूसही मुळात कुणाच्या तरी कोयीतून आलेला, आपल्या शेप्यासारखाच.

पोर्तुगीजांचे श्रेय वेगळे आहे. कलमाची रीत आपल्याकडे जुनी, वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ती सांगितली आहे. पण आंब्याची कलमे गोव्यात जोमाने होऊ लागली ती त्यांच्या काळात, आणि त्यात जेझुइट पाद्र्यांचा वाटा मोठा मानतात. रीत भेटकलमाची: कुंडीतले रोप मूळ झाडाच्या फांदीशी नेऊन बांधायचे, दोघांचा जीव एक झाला की फांदी तोडायची. त्यामुळे एकच झाड शेकडो ठिकाणी जगू लागले.

ज्यांची कलमे झाली नाहीत, ती गेली. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे पुस्तक गोव्यात 1563 मध्ये छापले गेले. त्यात तो मुंबई बेटावरच्या आपल्या एका आंब्याबद्दल सांगतो, वर्षातून दोनदा फळणाऱ्या. दोनदा! ते झाड पुस्तकातच राहिले. उलट लखनौजवळच्या दशहरी गावात दशहरीचे मूळ झाड आजही दाखवतात, आणि ते मेले तरी दशहरी मरणार नाही. केशरला तर 1934 मध्ये जुनागढच्या नवाबांनी नाव दिले, आणि आज तो मराठवाड्यातही पिकतो.

आणखी एक गोष्ट. कोकणात आज हापूसची बहुतेक रोपे कोयकलमाची असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत घरोघर पोचवली. दहा-पंधरा दिवसांचे, अजून तांबूस पानांचे कोयीचे रोप घ्यायचे, शेंडा छाटून त्यात हापूसची काडी खोचायची. खालची कोय असते रायवळाची. बाजारात दिमाखाने मिरवणारा हापूस रायवळाच्या पायांवर उभा आहे, आणि रायवळ मात्र फळ्या आणि खोक्यांसाठी पडतात. असो.

मी जूनमध्ये शेप्याच्या अकरा कोया पिशव्यांत लावल्या. (कोय ताजी हवी, ठेवून दिली तर रुजत नाही. आणि लहानपणी तिची पिपाणी वाजवणाऱ्यांनो, यावेळी वाजवू नका.) सात उगवल्या. कोकण-केरळच्या काही जातींत एका कोयीतून अनेक कोंब येतात आणि त्यांतले बरेचसे हुबेहूब आईसारखे निघतात, म्हणून मी रोज वाकून पाहत होते. सगळ्यांना एकेकच कोंब. म्हणजे ही सात झाडे चांगली निघतील किंवा आंबट निघतील, पण शेप्या निघणार नाहीत. पणजीचा शेप्या फक्त त्या परसातल्या झाडातच आहे.

तेव्हा पाडायचाच असेल तर पाडा, फांद्या कौलांवर येतात हे मलाही दिसते. पण आधी काड्या घ्या. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, डोळा फुगलेली काडी हवी. आठवडाभर आधी तिची पाने देठ ठेवून छाटायची. रोपे माझ्याकडे तयार आहेत, कलम बांधणारा माणूसही सांगून ठेवला आहे. जुलै संपायच्या आत कुणीतरी झाडावर चढा. मला आता चढवत नाही.