वासोट्याचे रान

सातारा प्रांतातील किल्ल्यांची गणना करू लागलो, म्हणजे अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड ही नावे सहज ओठांवर येतात. वासोट्याचे नाव मागाहून येते. जावळीच्या निबिड अरण्यात, सह्याद्रीच्या अगदी धारेवर हा किल्ला उभा आहे. पश्चिमेस कोकणात उतरणारे ताशीव कडे आणि पूर्वेस कोयनेचे खोरे. तटबंदी बेताचीच, या किल्ल्याचे खरे बळ भोवतालचे रान हेच होय. शिवछत्रपतींनी त्यास व्याघ्रगड हे नाव दिले असे सांगतात, आणि ते सार्थच आहे.

अशा आडरानातील गडाचा उपयोग राज्यकर्त्यांनी मुख्यतः दोन प्रकारे केला: बंदिवान ठेवण्यासाठी आणि संकटकाळी आश्रय घेण्यासाठी. पेशवाईच्या उत्तरकाळात पंतप्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांचा बाजीरावाशी बेबनाव झाला. प्रतिनिधी कैद झाल्यावर त्यांच्या पक्षाच्या ताई तेलिणीने हा किल्ला लढविला. बापू गोखल्यांसारखा कसलेला सेनानी वेढा घालून बसला असता तिने सुमारे आठ महिने दाद दिली नाही. अखेर कोठारास आग लागून धान्य जळाले, तेव्हा तिचा नाइलाज झाला. शत्रूची वाट रान रोखू शकते. शिबंदीच्या पोटाची सोय मात्र त्यास करता येत नाही.

पुढे 1817 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा बाजीरावाने साताऱ्याच्या राजपरिवारातील काही मंडळी व दोन इंग्रज अधिकारी या गडावर अटकेत ठेवले. एप्रिल 1818 मध्ये जनरल प्रिट्झलरची फौज येऊन थडकली. शेजारीच जुना वासोटा नावाचा उंच डोंगर आहे. रानातून वर चढविलेल्या तोफांनी त्या डोंगरावरून मारा सुरू केला, आणि किल्ला लवकरच शरण गेला. तोफेची वाट एकदा तयार झाली, की अरण्याचा दरारा किती टिकणार!

त्यानंतर गडाचे राजकीय महत्त्व संपले. परंतु रानाचा इतिहास तेथे थांबला नाही. कोयना धरण 1964 साली पुरे झाले व शिवसागर जलाशयाने खोरे व्यापले. गावे उठली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते, देवळे आणि घरांची जोती पाण्याखाली गेली, आणि तेथील कुटुंबांना परजिल्ह्यांत नव्याने चुली मांडाव्या लागल्या. 1985 साली कोयना अभयारण्य जाहीर झाले. 2010 साली ते व सांगलीच्या बाजूचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या दोहोंचा समावेश झाला.

आज बामणोलीहून नावेने दीडएक तास गेल्यावर पायथा लागतो. वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि दिवस मावळण्यापूर्वी परतणे बंधनकारक आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाट छायेतून चढताना ऊन क्वचितच अंगावर येते. माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर व पाण्याची टाकी दिसतात. पलीकडे बाबुकड्याची प्रचंड अर्धवर्तुळाकार भिंत पाहून मन थक्क होते.

या निःशब्दतेचे कौतुक करताना प्रवाशाने एवढे ध्यानी ठेवावे, की येथील शांतता सर्वस्वी निसर्गदत्त नाही. धरणाची वीज आपल्या घरांत उजेड देते. परंतु ज्यांच्या चुली विझल्या, त्यांपैकी अनेकांचे जमिनीचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. गडावर लढलेल्यांची नावे बखरींत आणि लोकांच्या तोंडी राहिली आहेत. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावेही वासोट्याच्या इतिहासात त्यांच्या जोडीने लिहिली जावीत, हे उचित होय.