सोड्याच्या पिंपातली बिअर

जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक 1767 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बिअरच्या एका कारखान्याशेजारी राहायला आला. आंबणाऱ्या पिंपांवर साचणाऱ्या वायूने त्याला झपाटले. तो वायू त्याने पाण्यात मुरवला आणि सोडावॉटरचा रस्ता खुला झाला. बिअरचे हे कर्ज सोड्याने फेडले, पण दोनशे वर्षांनी आणि अमेरिकेत.

तिथली दारूबंदी 1933 मध्ये उठली. घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली! अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये कायद्यावर सही केली, तेव्हा कुठे ती अडचण सुटली.

हौशी मंडळी बाटलीत थोडी साखर घालून बूच लावत. उरलेले यीस्ट ती खाऊन वायू तयार करी. साखर जास्त झाली, की बाटलीच फुटायची.

पुढे शीतपेय कंपन्या आपला पाक खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून पाठवू लागल्या. त्यामुळे आधी त्या पाकासाठी वापरली जाणारी सुमारे 19 लिटरची स्टीलची पिंपे अडगळीत निघाली आणि ‘कॉर्नी केग’ या लाडक्या नावाने हौशी लोकांच्या जुन्या फ्रिजमध्ये शिरली. पेप्सीच्या आणि कोकच्या पिंपांच्या जोडण्या मात्र वेगळ्या; एकीची दुसरीला बसत नाही.

या पिंपात साखरेऐवजी बाहेरून दाबाने वायू सोडतात. विल्यम हेन्रीने 1803 मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो. शिवाय गार द्रव तो अधिक सामावून घेतो. म्हणून बिअर 4 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायची, दाब 12 पीएसआयच्या आसपास ठेवायचा आणि आठवडाभर थांबायचे. उतावळे लोक दाब चढवून पिंप गदागदा हलवतात. मग बऱ्याचदा पेल्यात नुसता फेसच येतो.