एका किल्ल्याची किंमत

राष्ट्राराष्ट्रांतील मैत्रीचे करार वृत्तपत्रांतून वाचताना आम्हां चेन्नईकर मराठी मंडळींना तंजावरचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने, उत्तर अमेरिकेतील लुईबर्गच्या मोबदल्यात, ते इंग्रजांना परत मिळाले. या अदलाबदलीत येथील कोणाचे मत विचारले गेले नाही, हे सांगावयास नकोच.

तह झाला, पण सैन्य रिकामे राहिले. तंजावरच्या पदच्युत शहाजीने गादीसाठी इंग्रजांचे साह्य मागितले व देवीकोट्टईचा किल्ला देऊ केला. १७४९ मध्ये मेजर लॉरेन्सने तो जिंकला. तरुण क्लाइव्हही त्या मोहिमेत होता. किल्ला हाती येताच इंग्रजांनी शहाजीस सोडून गादीवरील प्रतापसिंहाशीच तह केला! शहाजीच्या वाट्यास केवळ नेमणूक आली.

यात इंग्रजांचा विश्वासघात पाहणे सोपे आहे. आम्हांस प्रतापसिंहाचा व्यवहार अधिक विचारणीय वाटतो. प्रतिस्पर्ध्याचा आश्रयदाता त्याने फोडला खरा; पण त्यासाठी समुद्रकाठचा किल्ला आणि वार्षिक नऊ हजार होनांचा मुलूख दिला. (हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालविणाऱ्यांस हा आकडा विसरता येत नाही.) पुढे १७७३ मध्ये कंपनीच्याच फौजेने नबाबासाठी तंजावर घेतले, १७७६ मध्ये तुळजाजीस परत दिले. १७९९ च्या तहाने सरफोजींकडे किल्ला, तनखा व महसुलाचा पाचवा हिस्सा उरला.