स्पिनोझाने नोकरी नाकारली तेव्हा

नोकरीसाठी अर्ज कसा करावा, हे आम्हाला शाळेत शिकवले होते. ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून...’ ही सुरुवात आजही पाठ आहे. पण चालून आलेली नोकरी नाकारायची कशी, हे कोणी शिकवले नाही. त्यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली.

१९८१ साली मी जिल्ह्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. मोठ्या शहरातल्या एका संस्थेने मला आपणहून बोलावले. वडील आजारी होते, गाव सोडणे शक्य नव्हते. एवढेच चार ओळींत लिहायचे होते. पण नाही म्हणण्याचा संकोच वाटून मी तीन आठवडे उत्तरच दिले नाही. दिले तेव्हा दोन पाने भरून काढली. पगार कसा अपुरा आहे, नियम कसे जाचक आहेत, वगैरे वगैरे. वडिलांच्या आजाराचा त्यात उल्लेखही नव्हता. आठ वर्षांनी त्याच संस्थेतली जुनी कागदपत्रे पाहण्याची वेळ माझ्यावर आली. संचालक तेच होते. त्यांनी परवानगी दिली, चहाही पाजला. मी निघताना मात्र हसून म्हणाले, “तुमचं पत्र अजून आहे हं आमच्या फायलीत!” मला मान वर करवली नाही.

पुढे स्पिनोझाचा पत्रव्यवहार वाचताना साडेतीनशे वर्षांपूर्वीचे एक नकाराचे पत्र हाती लागले, आणि आपण काय लिहायला हवे होते ते कळले.

बारुख स्पिनोझा हा १६३२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला तत्त्वज्ञ. त्याच्या मतांमुळे १६५६ मध्ये त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. दुर्बिणींची आणि सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासण्याचा उद्योग त्याने पत्करला. पुढे हेगमध्ये एका चित्रकाराच्या घरी भाड्याने खोली घेऊन तो राहू लागला. १६७० मध्ये त्याचा धर्म आणि राज्यसत्ता यांवरचा ग्रंथ निघाला. विचारस्वातंत्र्य दिल्याने राज्याची शांतता बिघडत नाही, उलट ते काढून घेतल्याने बिघडते, असे त्यात म्हटले होते. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते, छपाईचे ठिकाणही खोटे दिले होते. तरी लेखक कोण हे लपले नाही आणि चहूकडून टीकेचा भडिमार झाला.

अशा माणसाला फेब्रुवारी १६७३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाकडून प्राध्यापकपदाचे बोलावणे आले. बोलावणारा होता तिथला राजा कार्ल लुडविग. तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालेला मुलूख त्याने सावरला होता आणि बंद पडलेले विद्यापीठ १६५२ मध्ये पुन्हा सुरू केले होते. राजाच्या आज्ञेवरून पत्र लिहिले ते फाब्रिटियस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने. वेतन इतर प्राध्यापकांइतके मिळेल, तत्त्वचिंतनाचे पूर्ण स्वातंत्र्य राहील, असे त्यात आश्वासन होते. सोबत एक लहानसे वाक्य होते. या स्वातंत्र्याचा उपयोग राज्यात रूढ असलेल्या धर्माला धक्का देण्यासाठी आपण करणार नाही, असा राजाला भरवसा आहे!

तुम्ही-आम्ही असतो तर काय केले असते? एक तर प्रतिष्ठेच्या मोहाने ते वाक्य वाचूनही न वाचल्यासारखे केले असते, नाहीतर त्या वाक्यावरच तुटून पडलो असतो. स्पिनोझाने दोन्ही केले नाही.

त्याच्या उत्तरावर ३० मार्चची तारीख आहे. पत्र छोटेच आहे. प्राध्यापक होण्याची इच्छा मला कधी असती, तर याहून चांगली जागा मी मागितली नसती, अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे देणाऱ्याचा मान आधी राखला. मग, बराच विचार करूनही हे पद स्वीकारणे मला जमत नाही, असे सांगून त्याने दोन कारणे दिली. पहिले, तरुणांना शिकवण्यात वेळ गेला तर माझे स्वतःचे चिंतन थांबेल. दुसरे, धर्माला धक्का लागला असे कोणाला वाटू नये, यासाठी माझ्या स्वातंत्र्याची मर्यादा नेमकी कुठे आखायची, ते मला कळत नाही. एकांतात राहूनही मला लोकांच्या विपर्यासाचा अनुभव आला आहे. एवढ्या उच्चपदावर तो अधिकच येईल.

इथे त्याचे चातुर्य दिसते. ‘तुमची अट फसवी आहे’ असे तो म्हणत नाही, ‘मर्यादा मला कळत नाही’ असे म्हणतो. दोष समोरच्यावर न टाकता त्याने आपली अडचण सांगितली, आणि ती खोटी नव्हती. पुढे तो लिहितो की, याहून मोठ्या लाभाची आशा म्हणून मी मागे सरत नाही, मला शांतता प्रिय आहे. झाले! घासाघीस करायला जागाच उरली नाही. शेवटी अधिक विचारासाठी मोकळीक आणि राजाची कृपादृष्टी कायम राहावी अशी विनंती. ‘अधिक विचार’ ही दरबारी रीत म्हणायची. राजाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. आज आपण तेवढे मात्र उचलू नये. लोक आपल्यासाठी जागा अडवून बसतात.

या नकाराची किंमत होती. आयुष्यभराचे स्थैर्य त्याने सोडले. १६७४ मध्ये हॉलंडमध्ये त्याच्या ग्रंथावर बंदी आली आणि २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. पण ज्या चिंतनासाठी त्याने वेळ राखून ठेवला, तो ‘एथिक्स’ हा ग्रंथ १६७५ पर्यंत लिहून तयार झाला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी मित्रांनी तो प्रसिद्ध केला. त्या ग्रंथानेच स्पिनोझाचे नाव राहिले. हायडेलबर्गला गेला असता तर तो पुरा झाला असता का, कोण जाणे! १६७४ मध्ये फ्रेंच फौजांनी तो मुलूखही जाळून-लुटून फस्त केला.

आज माझे विद्यार्थी नोकरीची दोन-दोन पत्रे घेऊन येतात आणि विचारतात, “सर, एकाला नाही कसं कळवू?” मी सांगतो, लवकर कळव. आधी आभार मान. कारण खरे दे, पण ते तुझे स्वतःचे असू दे. त्यांची उणीदुणी काढू नकोस. पगार वाढवून घ्यायचा नसेल तर पगाराचा विषयच नको. आणि पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस.

त्यांची पत्रे कोणाच्या ना कोणाच्या फायलीत राहणारच आहेत. माझे तर अजून आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)